मनुका वेगळ्या, बेदाणे वेगळे

"टिंबूला प्रसाद देऊ नका हं कोणी. त्याला चालत नाही."

दीपमालानं हे तिसऱ्यांदा सांगितलं. माझ्या घरात, माझ्या पूजेला आणि माझ्याच कुत्र्याबद्दल. सत्यनारायणाची आरती नुकतीच झाली होती. हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-सोळा माणसं बसली होती, माझी बायको हेमा द्रोण भरून देत होती, आणि ही मुलगी दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर माझ्या कुत्र्याचं डोकं घेऊन.

खालच्या मजल्यावरच्या उल्काताईंना गप्प बसवत तर नाही. "किती लळा लावलायस गं!" त्या म्हणाल्या. "दिगंबरराव, बघा बरं का, कुत्रा हातचा गेला तुमच्या."

सगळे हसले. मीही हसलो. पूजेला बसलेल्या माणसाला दुसरं करता काय येतं? सोवळं नेसून, पाटावर बसून, नव्या गुडघ्याखाली उशी घेऊन मी हसत होतो आणि तळपायाची आग मस्तकात जात होती.

पूजा त्या गुडघ्याचीच होती. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हेमानं बोलून ठेवलं होतं, की हे चालायला लागले की सत्यनारायण घालीन. मी चालायला लागलो होतो. घरातल्या घरात, बाल्कनीपासून न्हाणीघरापर्यंत. आमची इमारत सदाशिव पेठेतली, तीन मजली, आणि लिफ्ट नाही. त्यामुळे खाली उतरणं म्हणजे सोहळाच होता. आणि खाली उतरता येत नाही तो माणूस कुत्र्याला फिरवणार कसा? म्हणून ही दीपमाला आमच्या घरात आली.

मुलगी वाशीमकडची. तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतेय. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत चौघी मिळून एका खोलीत राहतात. सकाळी पावणेसहाला आणि संध्याकाळी साडेपाचला यायचं, कुत्र्याला पाऊण तास फिरवून आणायचं, एवढंच काम. एवढंच ठरलं होतं, हे मी पुन्हा सांगतो. कुत्रा पळवून न्यायचं ठरलं नव्हतं.

टिंब माझा. मी एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. लोकांनी लिहायचं, कारागिरांनी जुळवायचं आणि मी दोघांच्या चुका काढायच्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी छापखान्यामागच्या कागदाच्या कात्रणांत हे पिल्लू सापडलं. सगळं अंग पांढरं आणि कपाळावर बरोबर मधोमध एक काळा ठिपका. म्हणून नाव टिंब. टिंब हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे मला ठाऊक आहे, पण कुत्र्यानं कधी तक्रार केली नाही. सहा वर्षं तो माझ्या खुर्चीखाली झोपला. मी पेपर वाचताना पान उलटलं की तो डोळा उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. आणि ही बया आल्यावर दीड महिन्यात त्याचा टिंबू झाला. मी 'टिंब' म्हणून हाक मारली की नुसता कान हलवायचा. कान! पावणेसहा वाजत आले की दाराशी जाऊन असा उभा राहायचा, जणू घरात दुसरं कोणी राहतच नाही.

मला हेवा वाटत होता. उगाच आडपडदा कशाला ठेवू? अडुसष्टाव्या वर्षी, एका पोरीचा, एका गावठी कुत्र्यावरून. हेमानं ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. "तुमच्या पोटात का दुखतंय?" ती म्हणायची. "पायाला आराम मिळतोय ना?" बायकांना हे असले प्रश्न बरे सुचतात.

त्यात ती डांबरगोळीची भानगड झाली. हेमा न्हाणीघरातल्या बेसिनखाली डांबरगोळ्या ठेवते. एक दिवस टिंबानं एक गोळी तोंडात घेतली आणि घरभर पळत सुटला. मी खुर्चीतून नुसता ओरडत होतो. दीपमाला नेमकी दारात आली होती. तिनं चपलाही काढल्या नाहीत. कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरलं, जबड्यात बोटं घालून गोळी बाहेर काढली आणि म्हणाली, "काय बे टिंबू, मरायचं आहे का?" कुत्र्यानं तिचं तोंड चाटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती वहीचे दोन कागद घेऊन आली. वर मथळा होता 'टिंबूसाठी घरातले धोके'. खाली चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्ष, किसमिस, डांबरगोळ्या, फिनेल, उंदराचं औषध, काकांच्या गोळ्या, चार्जरच्या वायरी, रिमोटचे सेल अशी चांगली पंचवीस-तीस कलमं. कुठूनकुठून वाचून, कुणाकुणाला विचारून जमवलेली. हेमानं ती यादी समारंभानं फ्रीजवर चिकटवली आणि दोघींनी मिळून घर हलवलं. फिनेल माळ्यावर गेलं, वायरी कपाटामागे गेल्या, आणि माझी रक्तदाबाची गोळी अशा सुरक्षित जागी गेली, की दोन दिवस मलाच सापडेना.

यादी चांगली होती. मराठी भयंकर होतं. 'औशध', 'ऊंदीर', 'विजेचि वायर'. मी लाल पेन काढलं आणि फ्रीजसमोर उभं राहून पहिल्या कागदावर सतरा चुका काढल्या.

"अहो, कुत्रा वाचणार आहे का ती यादी?" हेमा म्हणाली. "कशाला उगाच नाकानं कांदे सोलताय?"

"कांदा यादीत आहे," मी म्हणालो. "कुत्र्यासमोर सोलत नाही मी."

त्यातच 'किसमिस' होतं. किसमिस म्हणे! आपल्याकडे शब्द नाहीत का? मी ते खोडलं आणि वर झोकात लिहिलं, 'मनुका'. का लिहिलं मनुका, हे मला आजही सांगता येत नाही. मनुका काळ्या, बिया असलेल्या, आणि बेदाणे हिरवट पिवळे, बिनबियांचे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. एका पाककृतींच्या पुस्तकात मी हीच चूक पकडून लेखिकेला दोन पानी पत्र लिहिलं होतं. पण त्या दिवशी माझं लक्ष शब्दावर नव्हतंच. तिची चूक काढायची होती, ती काढली.

दीपमालानं संध्याकाळी तो लाल झालेला कागद पाहिला आणि पोट धरून हसली. "किती चुका जी काका! माझा मराठीचा पेपर तुमच्याकडंच तपासायला द्या ना." तिला लागावं म्हणून मी एवढा घाम गाळला आणि तिला लागलं नाही. मला अधिकच राग आला.

तर पूजेचा दिवस. "टिंबूला देऊ नका" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी पाटावरून उठलो. काठी घेतली आणि स्वयंपाकघरात गेलो. प्रसादाचा शिरा पातेल्यात होता. हेमाचा प्रसाद म्हणजे सव्वा किलो रव्याचा, तुपानं थबथबलेला, घासाघासाला बेदाणा. मी एक द्रोण भरला. आतल्या खोलीत जाऊन शीळ घातली, जी मी सहा वर्षं घालत आलोय. तुपाचा वास की शीळ, कोण जाणे, पण टिंब आला! तिच्या मांडीवरून उठून आला. मी दार लोटून घेतलं.

मी काही बेफिकीर माणूस नाही. द्रोण खाली ठेवायच्या आधी मी फ्रीजवरची यादी आठवली. रवा यादीत नाही, तूप नाही, साखर नाही, केळं नाही, वेलची नाही. मनुका आहेत, पण मनुका वेगळ्या, बेदाणे वेगळे. आणि देवाचा प्रसाद कुणाला नाकारायचा नसतो. दारात आलेल्या परक्या माणसालाही आपण हातावर ठेवतो, मग हा तर घरचा जीव. असं माझं सगळं व्याकरणशुद्ध होतं.

टिंबानं द्रोण चाटून पुसून लख्ख केला आणि माझ्याकडे बघितलं. काय सांगू! चार महिन्यांनी त्यानं माझ्याकडे तसं बघितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बेदाण्यांचा डबाच घेऊन आलो. एक बेदाणा बोटात धरला की तो पुढचा पाय माझ्या हातात द्यायचा. मी बेदाणा द्यायचो, तो पाय द्यायचा. बाहेर माणसं हसतबोलत होती, मधूनच दीपमाला "टिंबू, टिंबू" हाका मारत होती, आणि तो हलत नव्हता. माझ्यासमोर बसून होता. मी त्याला वाटीभर तरी बेदाणे चारले असतील. दुपारचा दीड वाजला होता. इतका आनंद मला गुडघा वाकला त्या दिवशीही झाला नव्हता, खरंच सांगतो.

साडेचार वाजता तो माझ्या खुर्चीखाली ओकला.

पाहुणे गेले होते, हेमा आत आडवी झाली होती. ओकारीत फुगलेले बेदाणे अख्खेच्या अख्खे दिसत होते. मला वाटलं, जास्त झालं पोटाला, ओकला, मोकळा झाला. कुत्री ओकतातच. पण दीपमाला तासाभरात येणार होती, आणि तिनं हे बघितलं असतं तर "मी सांगितलं होतं ना जी" हे मला ऐकावं लागलं असतं. मी वर्तमानपत्राचा कागद घेतला, खाली वाकता येत नव्हतं तरी काठीच्या आधारानं वाकलो, सगळं पुसलं आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबून ठेवलं. वर नारळाची शेंडी टाकली.

ती आली तेव्हा टिंब दाराशी गेला नाही. तिथेच पडल्या पडल्या त्यानं शेपटी हलवली आणि पुन्हा ओकला. या वेळी नुसता फेस आला.

"काकू!" दीपमाला ओरडली. तिनं त्याच्या हिरड्या बघितल्या, पोटाला हात लावला. "काय खाल्लं यानं? फिनेल चाटलं का?"

"फिनेल माळ्यावर आहे बाई," हेमा धावत बाहेर आली. "पूजेला एवढी माणसं होती, कुणी काही टाकलं असेल."

"काका, किसमिस तर नाही ना दिले कोणी? प्रसादातले?"

"आमच्याकडे किसमिस नसतात," मी म्हणालो. "प्रसादात बेदाणे असतात."

"तेच ना जी!" तिचा आवाज फाटला. "किसमिस म्हणजे बेदाणेच! विष आहे ते त्याच्यासाठी!"

हेमा फ्रीजकडे गेली. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लावून तिनं घाईत वाचलं, खाडाखोड माझी आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. "इथे तर मनुका लिहिलंय. बेदाण्यांचं नावसुद्धा नाही. अगं, यादी तूच केलीस ना? मग नीट नको का लिहायला? एखाद्यानं विश्वासानं वाचून दिलं तर?"

दीपमालानं कागदाकडे बघितलं. लाल अक्षराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगेल. सांगायलाच हवं होतं तिनं. मी असतो तर सांगितलं असतं.

"चुकलं माझं, काकू," ती म्हणाली, आणि कुत्र्याला चादरीत गुंडाळायला लागली. "काका, किती खाल्ले असतील?"

"एखाददुसरा पडला असेल खाली," मी म्हणालो.

मांडलेली पूजा सोडून घर बंद करून कसं जायचं, म्हणून हेमा थांबली. जिन्यात दीपमाला पुढे, टिंब तिच्या खांद्यावर, आणि मी कठड्याला धरून मागे. तीन मजले मी कसे उतरलो ते विचारू नका. रिक्षात बसलो तेव्हा टिंबाचं तोंड माझ्या बाजूला होतं, पण त्यानं ते हळूच फिरवलं आणि तिच्या काखेत घातलं. आणि हे लिहायची लाज वाटते, पण तेव्हाही मला तेच टोचलं.

डॉक्टर पूर्णिमाबाईंचा दवाखाना एका बोळात आहे. बाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. स्टीलच्या टेबलावर टिंबाला ठेवून त्यांनी ताप बघितला, पोट दाबलं.

"बेदाणे. किती?"

"एखाददुसरा, असं काका म्हणतात," दीपमाला म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजोबा, नीट ऐका. एखाददुसराच असेल तर मी उलटीचं इंजेक्शन देते, घरी न्या, उद्या दाखवा. मूठभर असतील तर गोष्ट वेगळी. किडनीवर जातं ते. सगळ्यांना होतं असं नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही. तसं असेल तर आत्ताच्या आत्ता सलाईन लावायचं आणि दोन-तीन दिवस इथंच ठेवायचं. उद्यापर्यंत थांबलो तर माझ्या हातात काही राहणार नाही. आठवून सांगा."

मी आठवत नव्हतो. मला सगळं स्वच्छ आठवत होतं. मी हिशेब करत होतो, की सगळ्यांना होतं असं नाही ना? मग टिंबाला कशावरून होईल? इंजेक्शन घेऊन घरी जाऊ, सकाळी उठून तो खुर्चीखाली येईल, कुणाला काही कळायचं नाही. हा विचार माझ्या मनात आला. अर्धं मिनिट का होईना, राहिला. कुत्र्याच्या जिवापेक्षा एका पोरीपुढे माझी मान खाली जाऊ नये हे मला मोठं वाटलं. टिंब टेबलावर थरथरत होता. तिच्या कोपरावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होता.

"वाटीभर," मी म्हणालो. "दुपारी दीड वाजता. मीच दिले. आणि हिनं बघितली ती पहिली उलटी नव्हे. पहिली साडेचारला झाली. तिच्यात बेदाणे होते. मी पुसून टाकली."

दीपमालाचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला. तिनं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं हात पुन्हा फिरायला लागला.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कंपाउंडरला हाक मारली. "वजन घ्या याचं. पुढचा डावा पाय भादरा."

घरी आल्यावर हेमाला म्हणालो, "बेदाणे मी दिले. आणि यादीत तिनं किसमिस बरोबर लिहिलं होतं. मी खोडलं."

ती पूजेसमोरच्या समईत तेल घालत होती. हातातली तेलाची बाटली तिनं खाली ठेवली. "आणि मी त्या पोरीला बोलले," ती म्हणाली.  ताट वाढलं, पण समोर बसली नाही. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो तर दीपमाला पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून बसली होती. मांडीवर पुस्तक, आणि एक हात जाळीतून आत. कंपाउंडर म्हणाला, "ताई उठल्या की हा नळी चावतो. म्हणून उठू दिलं नाही." टिंबानं मला बघून शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा तिच्या बोटांवर तोंड ठेवलं. रक्ताचा तपास आला होता. थोडं वाढलंय, उद्या काय होतं बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. मला आत जायची हिंमत नव्हती, घरी जायचीही नव्हती.

दुपारी ती चहा घ्यायला बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"काका, राग नका मानू," ती म्हणाली. "टिंबू घरी आला की मी येणार नाही."

"का?"

"मी एवढी यादी केली, त्यात एक लिहायचं राहिलं. मी येते म्हणून तुम्ही त्याले चोरून खाऊ घातलं. मी नसते तर नसतं घातलं. मग धोका माझ्यामुळंच झाला ना जी?" ती चहाच्या कपात बघत बोलत होती. उपरोध म्हणावा तर तोही नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं, उपरोधाला उत्तर द्यायला आम्हाला शिकवावं लागत नाही. पण तिला ते खरंच वाटत होतं.

तिला म्हणायला हवं होतं, की बाई, धोका तू नाहीस, मी आहे. घशापर्यंत आलं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "परीक्षा कधी आहे तुझी?"

"दोन महिने हायेत अजून," ती म्हणाली. कप ठेवून आत गेली.

तिसऱ्या दिवशीचा तपास बरा आला. चौथ्या दिवशी सकाळी सोडलं. "वाचला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण किडनीला धक्का बसलाय. पाणी भरपूर प्यायला पाहिजे. आज नाही प्यायला तर उद्या परत सलाईन, आणि मग मी काही सांगू शकत नाही."

दीपमालानंच त्याला तीन मजले वर उचलून आणलं. चादरीवर ठेवलं, पाण्याचं भांडं जवळ सरकवलं. हेमानं तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी चुकीचं बोलले गं तुला." ती हसली. "असू द्या काकू." मग टिंबाच्या कपाळावर, बरोबर त्या ठिपक्यावर, बोट टेकवलं आणि निघाली. जाताना दार तिनं हळू ओढून घेतलं.

टिंब उठून दाराशी जाऊन बसला.

त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. हेमानं भांडं बदललं, पाणी कोमट केलं, ताक करून बघितलं. मी जमिनीवर बसलो, ऑपरेशन केलेला पाय लांब करून, आणि बोटं बुडवून त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं. शीळ घातली, ते एक करून बघायचं राहिलं होतं. कान हलला. घर माझं होतं, कुत्रा माझ्या पुढ्यात होता, तिसरं कोणी मधे नव्हतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि भांड्यातलं पाणी तसूभर कमी होत नव्हतं.

सकाळी पावणेसहाला तो उभा राहिला. पाय कापत होते तरी उभा राहिला. सहा वाजले, साडेसहा वाजले. दाराच्या फटीला नाक लावून तो उभाच. हेमानं डोळ्यांना पदर लावला.

"पट्टा दे," मी म्हणालो.

"अहो, जिना..."

"पट्टा दे म्हटलं ना."

एक पायरी मी, एक पायरी तो. दोघंही सारखेच लंगडत होतो. खाली आल्यावर तो नेहमीच्या खांबाकडे गेलाच नाही. नाक खाली घालून सरळ तिसऱ्या गल्लीत शिरला. मुलींच्या खोल्या असलेल्या इमारतीखाली चहाची टपरी आहे, तिथे जाऊन बसला. मी वर बघून हाक मारली. पेठेत सकाळी सातला कुणाच्या नावानं ओरडायचं म्हणजे चार खिडक्या उघडतात. उघडल्या.

दीपमाला धावत खाली आली. केस मोकळे, हातात पुस्तक तसंच. टिंब तिच्या पायांत घुसला. ती मटकन खाली बसली. "काय झालं जी? पुन्हा उलटी झाली?"

"नाही. पाणी पीत नाही. कालपासून थेंब घेतलेला नाही."

"याला घेऊन एकटे तीन मजले उतरलात तुम्ही?"

"ते राहू दे," मी म्हणालो. माझा श्वास लागला होता, आणि टपरीवरची चार मुलं ऐकत होती, पण आता थांबलो असतो तर पुन्हा परीक्षेचंच विचारलं असतं. "दीपमाला, तुझ्यामुळे काही झालं नाही. मी केलं. मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो, उद्याही वाटेल, तो काही एका दिवसात जायचा नाही. पण त्याला तू लागतेस. तू येत जा."

तिनं नाक ओढलं आणि टपरीवाल्याला म्हणाली, "भाऊ, पाणी द्या ना एक गिलास."

तिनं पुस्तक काखेत मारलं आणि ओंजळ केली. टपरीवाल्यानं पाणी ओतलं. टिंबानं वास घेतला, तिच्याकडे बघितलं आणि जीभ लावली. मग चाटायला लागला, लपालपा, नाकात पाणी जाऊन शिंकला तरी थांबला नाही. माझ्या आत काहीतरी कळवळलं. ते सुख होतं का दुसरं काही, याची मी चिकित्सा केली नाही. ओंजळ रिकामी झाली आणि तो तिचे तळवे चाटत राहिला.

मी काठी टपरीला टेकून ठेवली. जगमधून ग्लास भरून घेतला, जमेल तितका वाकलो आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो पीत होता. मी ओतत होतो.